जुने मका शेलर: दुरुस्ती आणि प्रात्यक्षिकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या इलिनॉय-आयोवाच्या मक्याच्या पट्ट्यात उन्हाळा सरत आला की जुन्या शेतीयंत्रांची प्रदर्शनं सुरू होतात. आयोवातल्या माउंट प्लेझंटला १९५० पासून भरणारा ओल्ड थ्रेशर्स मेळा सगळ्यात नावाजलेला. तो लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, पाच दिवस चालतो, पण छोटे मेळे गावोगावी असतात. अशा मेळ्यांत आम्ही काही हौशी मंडळी कणसाचे दाणे सोडवणारी जुनी यंत्रं चालवून दाखवतो. इथे त्यांना शेलर म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. समोर थांबणारे मराठी पाहुणे आणि फोनवरून चौकशी करणारे नातेवाईक जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. गॅरेजमध्ये एखादा शेलर पडून असेल तर मधला भाग नीट वाचा.

शेलर नेमका करतो काय?

वाळलेलं, सोललेलं कणीस आत घ्यायचं, दाणे एकीकडे पाडायचे आणि रिकामं बुरकुंड दुसरीकडे फेकायचं, एवढंच. हाताने फिरवायच्या साध्या शेलरमध्ये बिडाची एक उभी चकती असते, तिच्या अंगावर बारीक दात. कणीस वरच्या तोंडातून घातलं की स्प्रिंगने दाबलेली एक पट्टी त्याला चकतीवर टेकवून धरते. दात दाणे उखडतात आणि त्याच वेळी कणसाला स्वतःभोवती फिरवत खाली ओढतात, म्हणून चहूबाजूचे दाणे निघतात. ही स्प्रिंगची पट्टी या सगळ्यातला खरा हुशार भाग. जाड कणीस आलं की ती मागे सरते, बारीक आलं की पुढे येते.

मोठे शेलर दोन जातींचे. एक याच तत्त्वावरचे, पण दोन, चार किंवा जास्त तोंडांचे. त्यांना पंखा, चाळणी आणि बुरकुंडं वाहून नेणारी साखळी असते. दुसरे सिलिंडरचे: त्यांत स्प्रिंग नाही, लोखंडी पिंजऱ्यात सिलिंडर फिरतो आणि कणसं एकमेकांवर घासून दाणे सुटतात. सिलिंडरवाले भरभर काम उरकतात, पण लोकांना दाखवायला पहिली जात बरी. आत काय चाललंय ते दिसतं.

ही यंत्रं कधीपासूनची?

हाताने फिरवायच्या, सुट्या उभ्या राहणाऱ्या शेलरचं श्रेय साधारणपणे कनेटिकटच्या लेस्टर डेनिसनला देतात. त्याचं पेटंट १२ ऑगस्ट १८३९ चं. त्याआधी लोक कणीस फावड्याच्या कडेवर घासत, नाहीतर सरळ अंगठ्याने दाणे सोडवत. पुढे मका पश्चिमेकडे सरकला तसे कारखानेही सरकले. इलिनॉयमधल्या सँडविच नावाच्या गावात ऑगस्टस अ‍ॅडम्सने शेलरचा मोठा धंदा उभा केला. गावाचं नाव ऐकून पाहुणे हसतात, पण त्या कंपनीचे शेलर अजून चालतात. ती कंपनी १९३० मध्ये न्यू आयडिया या दुसऱ्या शेतीयंत्रांच्या कंपनीने घेतली. टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलच्या ए. एच. पॅच कंपनीचा 'ब्लॅक हॉक' हा खोक्याच्या कडेला अडकवायचा छोटा शेलर तर घराघरांत होता. आजही सगळ्यात सहज सापडतो तो तोच.

मग बंद का पडली?

कंबाइनमुळे, म्हणजे कापणी आणि मळणी एकदम करणाऱ्या यंत्रामुळे. पूर्वी कणसं अख्खी तोडून कणगीसारख्या अरुंद, फटीफटींच्या लाकडी कोठारात ठेवत. त्याला क्रिब म्हणतात. वारा आरपार जाऊन कणसं हळूहळू वाळत आणि गरज लागेल तेव्हा शेलर आणून दाणे सोडवत. ट्रकवर बसवलेला मोठा शेलर घेऊन शेतोशेत फिरणारे लोक होते, आपल्याकडे मळणी यंत्रवाले फिरतात तसे. १९५४ मध्ये जॉन डीअरने कंबाइनला पुढे लावायचं मक्याचं हेड बाजारात आणलं. आता दाणे शेतातच सुटू लागले आणि ते ओले दाणे ड्रायरमध्ये वाळू लागले. क्रिब रिकाम्या पडल्या, त्यांच्यामागून शेलरही गेले.

माझ्याकडच्या यंत्राचं वय कसं ओळखायचं?

बिडावर उठावात आलेली अक्षरं ब्रशने साफ करा. कंपनीचं नाव, गाव आणि पेटंटची तारीख बहुधा मिळते. पण पेटंटची तारीख म्हणजे यंत्र बनल्याची तारीख नव्हे. एकच साचा कंपन्या वीस-तीस वर्षं वापरत, त्यामुळे १८८० च्या दशकातलं पेटंट कोरलेला शेलर १९१० नंतरचाही असू शकतो. विकणारा मात्र ती तारीख मोठ्या झोकात सांगतो.

सुट्या भागांवर एखादं अक्षर आणि आकडा असतो, तो भाग-क्रमांक. सगळ्या भागांवर एकाच मालिकेतले क्रमांक असतील तर यंत्र मूळचं एकसंध आहे. वेगळे असतील तर दोन-तीन यंत्रं मोडून एक केलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, भाव करताना ध्यानात ठेवायचं.

विकत घेताना काय पाहावं?

लाकूड कुजलेलं चालेल, रंग गेलेला चालेल, गंज तर चालणारच. पाहायच्या त्या दातांच्या चकत्या. दात झिजून गुळगुळीत झाले असतील किंवा चकतीला तडा असेल तर सोडून द्या. त्यानंतर गिअरचे दात, आणि मग फ्लायव्हीलचे, म्हणजे बाजूच्या जड चाकाचे, आरे. आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी चीर असते, ती डोळ्यांना दिसत नाही. चाक मोकळं असेल तर ते टांगून लहान हातोडीने हलकेच टिचकी मारा. धड बीड खणखणतं, तडकलेलं बीड बद्द आवाज करतं.

सगळं गंजून जाम झालंय, हँडल हलत नाही. आधी काय?

आधी काहीच नाही. हँडलला पाइप घालून जोर लावू नका. बीड वाकत नाही, मोडतं.

प्रत्येक सांध्यावर, तेलाच्या भोकांत आणि नटांच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा आणि यंत्राला विसरून जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. आमच्यातले बरेच जण अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समसमान मिसळून वापरतात. ते झटक्यात पेटतं, म्हणून जवळपास गॅसची टॉर्च पेटवू नका. तेल पूर्ण पुसून झाल्यावर मग हवं तर नट तापवा. तापलेला नट पसरतो आणि आटे धरलेला गंज तुटतो. नट चौकोनी असतात, त्यांना मापाचाच पाना लावा. पकडीने कोपरे गोल झाले की काम तिप्पट वाढतं.

सुटे केलेले बिडाचे भाग आम्ही विजेच्या टाकीत साफ करतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. गंजलेल्या भागाला ऋण टोक, टाकाऊ लोखंडी पट्टीला धन टोक. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. सकाळपर्यंत गंजाचा काळा चिखल होऊन ब्रशने निघतो आणि खालचं लोखंड तसंच राहतं. दोन गोष्टी पक्क्या पाळा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे मोकळ्या हवेत करा, कारण हायड्रोजन सुटतो. वाळूचा फवारा मारून साफ करणं जलद होतं खरं, पण त्यात अक्षरांच्या कडा आणि दातांची धार दोन्ही जातात.

बिडाचा भाग मोडलाय. वेल्डिंग करू का?

कोपऱ्यावरच्या नेहमीच्या वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. थंड बिडावर साधा रॉड चालवला की शेजारी नवा तडा जातो. पितळेचं ब्रेझिंग किंवा निकेलचा रॉड वापरावा लागतो. भाग आधी सगळा सावकाश तापवायचा आणि नंतर राखेत पुरून सावकाश निवू द्यायचा.

भागच हरवला असेल तर दुसऱ्याकडून तसाच भाग उसना आणून फाउंड्रीत ओतून घेता येतो. पण बीड थंड होताना फुटामागे अष्टमांश इंच आटतं. जुना भाग तसाच साचा म्हणून वापरला तर नवा भाग लहान निघतो. लहान कंसाला चालून जातं, गिअरला अजिबात चालत नाही. फाउंड्रीवाल्याला हे आधी विचारा. त्याला प्रश्न कळला तरच काम द्या.

बेअरिंग ओतावी लागतात म्हणे?

छोट्या हातशेलरमध्ये नाही. तिथे शाफ्ट सरळ बिडाच्या भोकात फिरतो आणि वरून तेलाचं भोक असतं. भोक फार लांबटलं असेल तर मोठं करून पितळी बुश बसवा.

पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या शेलरमध्ये मात्र बॅबिट असतं, म्हणजे बेअरिंगमध्ये ओतायचा मऊ मिश्रधातू, आपल्याकडच्या वर्कशॉपमधलं व्हाईट मेटल. हे काम मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा सविस्तर. जुनं बॅबिट वितळवून काढा. शाफ्ट घासून पुसून त्याच्या जागी अगदी समपातळीत टेकवा आणि त्यावर मेणबत्तीची काजळी धरा, म्हणजे धातू चिकटणार नाही. दोन्ही टोकांना धातू गळू नये म्हणून ओतकामाची पुटी थापा. मग शाफ्ट आणि बैठक दोन्ही तापवा. हात लावून सहन होतंय इतकंच गरम असेल तर अजून तापवा, नाहीतर धातू मध्येच गोठून पापुद्रे येतात. बॅबिट पुरेसं तापलं का ते पाहायला पाइनची काडी त्यात बुडवा. काडी लगेच तपकिरी झाली तर ठीक, पेटली तर जास्त तापलंय, काहीच झालं नाही तर थांबा. ओतायचं ते एका दमात, मध्ये हात थांबवायचा नाही.

ओलावा हा इथला शत्रू. पाण्याचा एक थेंब बैठकीत राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उडतो. चेहऱ्यावर ढाल, अंगात सुती कपडे, पायात जाड बूट. जुन्या बॅबिटमध्ये बहुधा शिसं असतं, त्यामुळे हे दाराबाहेर करा आणि त्या हातांनी जेवणाचा डबा उघडू नका.

रंग द्यावा की नाही?

यावरून आमच्यात दरवर्षी भांडण होतं. माझं मत: मूळ रंगाचा आणि अक्षरांचा थोडा जरी भाग शिल्लक असेल तर नवा रंग देऊ नका. फळीवरची स्टेन्सिलची पुसट अक्षरं एकदा गेली की परत येत नाहीत. चकचकीत लाल-हिरवा शेलर फोटोत छान दिसतो, पण त्यातून कणीस गेलं की पहिल्याच दिवशी रंग खरवडला जातो. मग मालक तो चालवायलाच तयार होत नाही. म्हणजे यंत्र गेलंच की.

जुन्या रंगात शिसं असतं हे विसरू नका. कोरडा सँडपेपर मारू नका, पाणी लावून घासा आणि मास्क घाला.

लाकडाचं काय?

कुजलेला भाग तेवढा बदला, त्याच जातीचं लाकूड मिळालं तर उत्तम. अक्षरं असलेली फळी मोडकी असली तरी तीच परत बसवा, मागून आधार द्या. वरून जवसाचं उकळलेलं तेल हाताने चोळा. तेलाचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. उन्हात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रात्यक्षिकाला कणसं कुठून आणता?

यंत्र मिळणं सोपं आहे, कणसं मिळणं अवघड. चहूकडे हजारो एकर मका उभा, पण कंबाइनमुळे कणीस हाती लागत नाही. आम्ही कापणीआधीच शेजारच्या शेतकऱ्याला गाठून बांधाकडच्या एक-दोन ओळी मागून घेतो आणि हाताने तोडतो. अजून जुना पिकर (अख्खी कणसं तोडणारं यंत्र) चालवणारे काही शेतकरी आणि जुन्या पद्धतीने शेती करणारे अमिश पंथाचे लोकही कणसं विकतात. तोडलेली कणसं हवेशीर जागी वाळवून, उंदरांपासून सांभाळून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवावी लागतात. म्हणजे ऑगस्टच्या प्रदर्शनाची तयारी आदल्या ऑक्टोबरात.

जमल्यास जुनी, संकरित नसलेली जात लावा. रीड्स यलो डेंट ही याच भागातली. रीड कुटुंब १८४६ मध्ये ओहायोतून इलिनॉयला आलं आणि त्यांनी ती घडवली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. जुने शेलर असल्याच कणसांसाठी बनलेले.

कुठलंही कणीस चालेल का? भाजायचं मधुर कणीस?

नाही. ओलं कणीस घातलंत तर दाणे चिरडून चकतीला चिकटतात आणि पुढचा तासभर तुम्ही चाकूने ते खरवडत बसता.

ओलावा पाहायची जुनी युक्ती: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ घाला, दोन-तीन मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. मेळ्यात एवढा वेळ नसतो. तिथे कणीस दोन हातांत धरून पिळायचं. करकरलं आणि दाणे हलले की चालतं.

दाणे कणसावरच राहतात. कधी बुरकुंडच तुटून अडकतं.

स्प्रिंगचा नट बघा. दाणे राहत असतील तर अर्धा फेरा आवळा, बुरकुंड तुटत असेल तर सैल करा. अख्खं, स्वच्छ बुरकुंड बाहेर पडणं ही नीट जुळणीची खूण. कणीस बारीक टोकाकडून घाला. आणि हँडल एका लयीत फिरवा. जोरजोरात फिरवल्याने काम वाढत नाही, दाणे मात्र तुमच्या चहात जाऊन पडतात.

इंजिनवर चालवता येईल का?

पट्ट्याची पुली असेल तर जरूर. पण वेगाचा हिशोब आधी करा: इंजिनचे फेरे गुणिले इंजिनच्या पुलीचा व्यास, भागिले शेलरच्या पुलीचा व्यास. इंजिन मिनिटाला ५०० फेरे आणि पुली ४ इंच, शेलरची १६ इंच, तर शेलर १२५ फेरे फिरेल. हाताने फिरवायच्या शेलरला तेही जास्त आहे, मध्ये एक जादा शाफ्ट टाकून वेग उतरवा. पट्टा आठच्या आकड्यासारखा पिळून लावला की फिरण्याची दिशा उलटते. चकती उलटी फिरली तर कणीस आत जाणारच नाही.

जोडीला हिट-अँड-मिस इंजिन असेल तर बहार. दीड अश्वशक्तीचं जॉन डीअर ई टाइप एका तोंडाच्या शेलरला भरपूर होतं. या इंजिनांत वेग पुरेसा झाला की गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. मग स्फोट होत नाही, नुसतं फुस-फुस करत ते वाहत राहतं. वेग उतरला की पुन्हा ठो. रिकामं चालताना ठोके लांब लांब पडतात, कणीस आत गेलं की लगोलग पडतात. इंजिनवर भार आलाय हे डोळे मिटूनही कळतं, आणि गर्दी खेचायचं काम तोच आवाज करतो.

अपघात होतात का?

होतात, आणि कामापेक्षा दाखवताना जास्त. शेतात यंत्रापाशी दोन जाणती माणसं असायची, मेळ्यात वीस अनोळखी चेहरे असतात आणि आपण बोलत असतो. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोरी, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. चालत्या पट्ट्यावरून ओलांडायचं नाही, पट्टा हाताने थांबवायचा नाही. अडकलेलं कणीस काढायचं तर इंजिन बंद, पट्टा उतरवलेला, मगच हात. पेट्रोल फक्त थंड इंजिनमध्ये.

आपल्या बायकांच्या ओढण्या आणि पदर यांची मला खास धास्ती असते. इथल्या स्वयंसेवकांना ते सुचत नाही, म्हणून मीच पुढे होऊन "ताई, ओढणी खोचून घ्या" म्हणतो. आतापर्यंत कुणाला राग आलेला नाही.

मुलांना फिरवू देता का?

हातशेलर देतो, इंजिनचा नाही. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा, दाणे उडतात. नियम एकच: हँडल फिरवणारं मूलच कणीस घालेल. एक फिरवतोय आणि दुसरा घालतोय असं झालं की बोट सापडायची वेळ येते. कणीस अडलं तर ते बोटाने नाही, मागच्या कणसाने ढकलायचं. हँडल सोडलं तरी फ्लायव्हील फिरतच राहतं, हे आधी रिकाम्या यंत्रावर दाखवतो.

दाणे आणि बुरकुंडं यांचं काय करता?

दाणे कोंबड्यांना. बुरशी आलेलं कणीस आधीच बाजूला काढतो, ते जनावरालाही घालत नाही. हिशोब हवा असेल तर इथे मक्याचा बुशेल (धान्य मोजायचं इथलं माप) दाण्यांचा ५६ पौंड आणि कणसांचा ७० पौंड धरतात, म्हणजे शंभर किलो कणसांतून साधारण ऐंशी किलो दाणे. बुरकुंडं पूर्वी स्वयंपाकघरातल्या शेगडीत जात. मिसूरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून त्यांचे तंबाखूचे पाइप बनतात, पण त्याला जाड बुरकुंडाची खास जात लागते. आमची शेकोटीत जातात.

जुन्या फोटोंत शेलरवरच्या माणसांनी पँटच्या पायांना सुतळी का बांधली आहे?

उंदीर! क्रिबच्या तळाशी वर्षभर त्यांचं राज्य. कणसं उपसत तळाला आलं की ते सैरावैरा पळत आणि पहिलं अंधारं बीळ दिसे ते पँटचं.

आपल्याकडच्या मळणी यंत्राशी याचं काही नातं?

ट्रॅक्टरवर चालणारं आपलं मक्याचं यंत्र तत्त्वाने सिलिंडर शेलरचं भावंड आहे, घासून दाणे सोडवणारं. हातशेलरच्या जवळचं म्हणजे भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेची ती मुठीत मावणारी नळी, आतून पट्ट्या असलेली, कणीस घालून पिळायची. मी एक प्रदर्शनात ठेवतो. म्हातारे अमेरिकन शेतकरी ती हातात घेऊन, दोन कणसं सोलून बघितल्याशिवाय हलत नाहीत.

हंगाम संपल्यावर यंत्र कसं ठेवायचं?

आतले सगळे दाणे झाडून काढा. एक मूठ राहिली तरी उंदीर येतात आणि ओलावा धरून चकती गंजते. स्प्रिंगचा नट सैल करा. दातांना पातळ तेल, शाफ्टला घट्ट तेल, आणि पट्टा गुंडाळून घरात. ताडपत्री यंत्राला चिकटून बांधू नका, आत पाणी सुटतं. छपराखाली, विटांवर उचलून, उघडंच राहू द्या.